घाट चढण्याआधी

आमच्या देवगड तालुक्यात कुठल्याही घरात विचारा, सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. कुणाचं हक्कसोडपत्र व्हायचं राहिलंय, कुठली कलमं सामायिकात आहेत, मुंबईतल्या कुठल्या चुलत्याच्या सहीसाठी काम अडलंय, यावर गणपतीत आरत्या आटोपल्या की रात्र रात्र बोलणं चालतं. जमिनीच्या उद्याची एवढी काळजी करणाऱ्या याच घरांत, ओटीवर बसलेल्या म्हातारीची उद्या शुद्ध हरपली तर तिच्यासाठी काय करायचं आणि कुठे थांबायचं, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. विचारायला गेलं तर ‘दिवेलागणीला असलं काय बोलतेस’ म्हणून गप्प बसवतात. दिवेलागण टळली तरी विषय निघत नाही. तो निघायला हवा, आणि म्हातारं माणूस धडधाकट असतानाच निघायला हवा, असं मला आता फार तीव्रतेने वाटतं.

कोकणात हा विषय शहरापेक्षा वेगळा का आहे, ते आधी सांगते. पुण्यामुंबईत आजारी माणूस घरातून निघून अर्ध्या-पाऊण तासात मोठ्या रुग्णालयात पोचतो. आमच्याकडे तो टप्प्याटप्प्याने जातो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग ओरोसचं जिल्हा रुग्णालय. तिथून पुढे तीन वाटा फुटतात. बांद्यावरून गोव्यात बांबोळीला, किंवा गगनबावड्यावरून नाहीतर फोंडाघाटातून कोल्हापूरला, किंवा महामार्गाने थेट मुंबईला. प्रत्येक ठिकाणी ‘पुढे न्या’ एवढंच सांगितलं जातं. सांगणाऱ्याचाही नाइलाज असतो, त्याच्याकडे यंत्र नसतं की तज्ज्ञ नसतो. नेणारेही जीव तोडून नेत असतात. पण या सगळ्या प्रवासात ‘पुढे कशासाठी न्यायचं’ हा प्रश्न विचारायला कुणालाच सवड मिळत नाही. रुग्णवाहिका घाट चढून गेली की अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो. पलीकडच्या आकस्मिक विभागातला डॉक्टर समोर श्वास अडकलेला माणूस पाहतो आणि घशात नळी घालतो. त्याने तेच करायला हवं. त्याला ती म्हातारी कोण, तिला काय हवं होतं, हे कुठून ठाऊक असणार?

माझ्या थोरल्या काकीचं असंच झालं. ऐन आषाढात, ऐंशी ओलांडलेली असताना, तिच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. आधीपासून हृदय थकलेलं, एक मूत्रपिंड जवळजवळ निकामी. धाकट्या मुलाने तिला भर पावसात कोल्हापूरच्या एका रुग्णालयात पोचवलं. थोरला डोंबिवलीहून रात्रीच्या गाडीने निघाला, मधला कुवेतहून फोनवर. काकी व्हेंटिलेटरवर होती. काही दिवसांनी गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी बसवली, नाकातून अन्नाची नळी आधीच होती. एका संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं आणि शांतपणे सांगितलं की मेंदूचं नुकसान भरून येणारं नाही. डायलिसिस सुरू करायचं की नाही ते ठरवावं लागेल. मग त्यांनी विचारलं, ‘‘आजींनी स्वतः कधी याविषयी काही म्हटलं होतं का?’’

कुणालाच काही आठवेना. काकीला कुठली साडी आवडायची, कुठल्या देवाचा नवस फेडायचा राहिलाय, वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावर कुणाचा हक्क आहे, हे सगळं तिन्ही मुलांना पाठ होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र एकाकडेही नव्हतं. थोरला म्हणाला, ‘‘जे काय करता येईल ते सगळं करा.’’ धाकटा भिंतीकडे बघत राहिला. रोज तिचं अंग पुसणारा, तिला धरून मागच्या पडवीत नेणारा तो होता. आईला हे नकोच आहे असं त्याला आतून वाटत होतं, पण ते म्हटलं तर ‘गावात राहून कंटाळला’ असं भाऊ म्हणतील ही भीती. काकी पुढे त्या अतिदक्षता विभागातच गेली. तेराव्याला सगळे एकत्र जेवले. त्यानंतर दोघा भावांत जे अंतर पडलं ते आजही तसंच आहे. घराच्या वाटणीवरून ते कधी भांडले नव्हते.

अशा वेळेसाठी आपल्या देशात आता कायद्याने एक वाट करून दिली आहे. पण ती उघडायला फार वर्षं लागली, आणि तिची सुरुवात याच किनाऱ्यावरच्या एका मुलीपासून होते. अरुणा शानबाग ही कर्नाटकातल्या होन्नावरजवळच्या हळदीपूरची. मुंबईला केईएम रुग्णालयात नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटून तिची शुद्ध कायमची हरपली. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. पुढची एकेचाळीस वर्षं ती केईएमच्या एका खोलीत पडून होती. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला सक्तीने अन्न देणं थांबवावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. केईएमच्या परिचारिकांनी ठामपणे विरोध केला, ती आमची आहे आणि आम्ही तिला सांभाळू, म्हणून. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तिच्यापुरता अर्ज फेटाळला, परंतु अशा स्थितीतल्या माणसाचे कृत्रिम उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असं म्हटलं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली.

मला या प्रकरणात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. तिला पिढ्यान्‌पिढ्या न्हाऊमाखू घालणाऱ्या परिचारिकांची माया खरी, आणि ‘हे जगणं तिला हवं असेल का’ हा प्रश्नही खरा. निवाडा करू शकणारी एकच व्यक्ती होती आणि तिचं बोलणं त्या एका संध्याकाळी कायमचं थांबलं होतं. पंचविशीत कोण असलं काही लिहून ठेवतं?

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान, शुद्धीवर असलेला कुणीही माणूस पुढे आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवू शकतो, असं त्यात ठरलं. यालाच लोक लिव्हिंग विल किंवा वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. मात्र त्या वेळी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती. देवगडातल्या एखाद्या आजीने त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची म्हणजे ते होणारच नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने स्वतःच ती अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने कोण बोलणार, त्यांची नावं लिहायची. एकापेक्षा जास्त माणसांची नावं देता येतात. एक प्रत त्या माणसांकडे, एक घरच्या डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे असे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मत बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं, नवं करता येतं.

हे वाचून काहींना वाटतं की आपण सही केली की डॉक्टर लगेच यंत्र बंद करतील. तसं अजिबात नाही. माणूस स्वतः बोलू शकतो, समजू शकतो, तोवर तो कागद उघडायचाच नसतो, त्याला विचारायचं. तो बोलू शकत नसेल आणि बरं होण्याची आशा उरलेली नसेल तेव्हाच कागद पुढे येतो. तेव्हाही उपचार करणारा डॉक्टर आणि किमान दोन अनुभवी तज्ज्ञ यांचं एक मंडळ तपासतं, मग दुसरं मंडळ तपासतं, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्हींचं एकमत झालं, नाव दिलेल्या माणसाने संमती दिली, तर अंमलाआधी न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं असतं. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा आपल्याकडे आजही गुन्हा आहे आणि या कागदाचा त्याच्याशी काही संबंध नाही. कळ कमी करणं, अंग स्वच्छ ठेवणं, तोंड ओलं करणं हे कधीच थांबवायचं नसतं.

आमच्या शेजारच्या गोव्यात हे काम मार्गी लागलं. ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं, राज्यातलं ते पहिलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने चारचौघांसमोर हे करावं याचं मला फार मोल वाटतं. आमच्याकडे मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी या निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी अभिरक्षक नेमले गेले. गावपातळीवर मात्र अजून विचारत जावं लागतं. मी एका कार्यालयात गेले तेव्हा तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने माझ्याकडूनच सगळं समजून घेतलं आणि निघताना हळूच विचारलं, ‘‘माझ्या आजीसाठी करता येईल का हो?’’

काकीनंतरच्या मे महिन्यात मी माहेरी होते. आई रातांबे फोडत होती, मी सालं उन्हात पसरत होते. हात कामात असले की आमच्या घरात अवघड बोलणी होतात, म्हणून मी तेव्हाच विषय काढला. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली (काकीला ती वैनी म्हणायची), ‘‘वैनीचे हाल मी बघलंय. माका ह्यां कोणी इचारला नाय म्हणान मी बोलाक नाय.’’

आणि मग तिने जे सांगितलं ते कुठल्याही छापील नमुन्यापेक्षा नेमकं होतं. ‘‘हाड मोडला, ताप इलो, तर खंयय नेवा. बरी होतलंय तर कोल्हापुराक नेवा, ममयक नेवा. बरी होवची नाय असा डॉक्टरान सांगितला, काय माका घराक हाडा. पेज जाता तवसर पेज भरवा. जायना झाली, काय नळी घालून पोटात ढकलू नकात.’’

‘हाडा’ म्हणजे आणा. मी हे तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं. कारण कागदावर जी भाषा येते, कृत्रिम अन्नपुरवठा, हृदय थांबल्यास छातीवर दाब, दीर्घकाळ व्हेंटिलेटर, ती बरोबर असली तरी वेळ आल्यावर माझ्या भावाला आठवणार आहे ती पेज. आमच्या घरच्या डॉक्टरांनी तिला प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली. व्हेंटिलेटर काही दिवसांपुरता लागतो आणि माणूस त्यातून बरा होऊन चालत घरी येतो, असंही होतं, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. आईने ते मान्य केलं. तेव्हा ‘व्हेंटिलेटर नको’ असं सरसकट न लिहिता ‘बरं होण्याची आशा नाही असं डॉक्टरांचं मत झाल्यावर तो चालू ठेवू नये’ असं लिहिलं. हा फरक फार मोठा आहे. तो समजून न घेता नुसती रेडिमेड कागदावर सही करणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

खरी अडचण आली ती नाव लिहिताना. आम्हा सगळ्यांना वाटलं ती दादाचं नाव सांगेल. थोरला मुलगा, मुंबईत चांगली नोकरी, आईवर अतोनात जीव. तिने धाकट्या सुनेचं नाव सांगितलं. दादाचा चेहरा उतरला. ‘‘मी मुलगा असताना?’’ असं तो दोनतीनदा म्हणाला. आई म्हणाली, ‘‘तू माका सोडूचो नाय, माका म्हायती आसा. म्हणानच तुझा नाव नको.’’

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याचा आपल्यावर सर्वात जास्त जीव आहे तोच आपल्या वतीने बोलायला सर्वात योग्य, असं आपण धरून चालतो. पण त्या खोलीत, डॉक्टरसमोर, ‘आईला हे नको होतं’ हे वाक्य पूर्ण उच्चारू शकणारं माणूस लागतं. वैनी, म्हणजे ही धाकटी सून, आईबरोबर राहते. आईचं दुखणं तिला रोज दिसतं. ती रडते, पण रडता रडता सांगितलेलं काम करते. आणि दादा मुंबईत असतो. रात्री दोनला निर्णयाची वेळ आली तर तो फोनच्या पलीकडे असणार, आणि फोनच्या पलीकडच्या माणसाला ‘सगळं करा’ याखेरीज दुसरं काही सुचणंच अवघड असतं. दूर असल्याची खंत त्याच्या तोंडून बोलत असते. आमच्या कोकणातल्या घराघरांत ही खंत भरून राहिली आहे, कारण घराघरातला एक मुलगा तरी चाकरमानी आहे. थोरल्या चुलतभावाला मी दोष देत नाही तो यासाठीच. न्यायालयाने एकाहून अधिक नावांची सोय केली आहे, म्हणून आईने दुसरं नाव माझं दिलं. दादाला मात्र आईने शेजारी बसवून सगळा कागद मोठ्याने वाचायला लावला. वाचताना मध्येच त्याचा आवाज गेला, पण त्याने शेवटपर्यंत वाचलं.

पुढचं काम एका सकाळचं. तालुक्याच्या कोर्टाबाहेर नोटरी, साक्षीदार म्हणून वाडीतले निवृत्त गुरुजी आणि आईची देवळातली मैत्रीण, घरच्यांपैकी कुणी नाही. एक प्रत आईच्या आधार कार्डाच्या पिशवीत आहे आणि तिचा फोटो आम्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये.

या सगळ्यात विनोबांची आठवण निघणं साहजिक होतं. ते मूळचे आमच्या कोकणातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. गुरुजी म्हणाले, ‘‘तेव्हा कुठलं इच्छापत्र होतं?’’ लागलंच नाही, कारण विनोबा शेवटपर्यंत शुद्धीत होते आणि नको म्हणायला समर्थ होते. तेवढी निग्रहशक्ती आणि तेवढी शुद्ध आपल्या वाट्याला येईलच असं नाही. कागद आपल्यासारख्यांसाठी आहे, ज्यांचा आवाज आधी जाऊ शकतो आणि प्राण मागे राहू शकतो.

मला अजून एका गोष्टीची काळजी आहे, आणि ती कागदाने सुटत नाही. ‘घराक हाडा’ म्हणणं सोपं आहे. घरी आणलेल्या माणसाला उलट्या होतात, धाप लागते, कर्करोग असेल तर कळा असह्य होतात. त्या वेळी लागतं मॉर्फिन. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि डॉक्टरांना, रुग्णालयांना ते ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. तरी किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीत रात्री ते मिळावं, ते कसं द्यायचं हे सांगणारी नर्स घरी यावी, ही गोष्ट अजून दुर्मीळ आहे. उपशामक सेवा, म्हणजे बरं करता येत नसलं तरी त्रास कमी करणारी सेवा, ही जिल्ह्याच्या ठिकाणापुरती राहून चालणार नाही, ती आशाताईंच्या आणि आरोग्य केंद्रांच्या हातून वाडीपर्यंत यायला हवी. आंब्याच्या फवारणीचं औषध आमच्याकडे एका फोनवर बागेत पोचतं. मरणाऱ्या माणसाच्या कळेचं औषधही पोचू शकतं, मागणाऱ्यांनी ते तितक्याच आग्रहाने मागितलं तर. ग्रामसभेत रस्ता आणि नळ यांच्याबरोबर हा विषय लावून धरायचं मी आणि वैनीने ठरवलं आहे.

आईला मी आणखी एक विचारलं होतं. शरीर ठीक आहे पण माणसं ओळखेनाशी झालीस, आम्हीही परके वाटायला लागलो, तर? न्यूमोनिया झाला तर रुग्णालयात न्यायचं की नाही? ती लगेच म्हणाली, ‘‘मी तुमका वळखूचंय नाय, पण तुमी माका वळखतल्यात मां? मगे नेवा.’’ तिच्या कागदात तसंच लिहिलं आहे.

माझ्या स्वतःच्या कागदाचा कच्चा मसुदा तयार आहे आणि तिथे मी याच्या बरोबर उलट लिहिलंय. मुलीला ते मान्य नाही. आजीला एक आणि तुला दुसरं असं का, असं ती दर फोनवर विचारते, आणि जोवर तिला माझं म्हणणं पटत नाही किंवा मला तिचं, तोवर तिचं नाव त्या जागी घालायचं नाही असं मी ठरवलंय. चतुर्थीला ती घरी येते आहे, तेव्हा पुन्हा बोलू.